विश्लेषण : अन्नचाचणीचा निकाल महागड्या यंत्राआधी ‘दळणा’तच कसा ठरतो?

शेंगदाण्याची एकच खेप. त्यातून काढलेले नमुने दोन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडे जातात. एक अहवाल म्हणतो, विषारी घटक आढळला नाही. दुसरा म्हणतो, मर्यादेच्या कित्येक पट आढळला. खेप अडकते, व्यापारी प्रयोगशाळेवर संशय घेतो, प्रयोगशाळा आपल्या यंत्राचे प्रमाणपत्र पुढे करते. अनेकदा दोन्ही यंत्रे बरोबर असतात. फरक पडलेला असतो त्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे नमुना कसा काढला आणि कसा दळला यात. त्या दळणासाठी प्रयोगशाळांत ‘नाइफ मिल’ हे साधे दिसणारे यंत्र वापरतात. ते काय करते, घरच्या मिक्सरपेक्षा वेगळे कसे आणि त्यावर शेतकरी, व्यापारी व ग्राहकाचे इतके काही का अवलंबून असते, याचा आढावा.

नेमकी अडचण काय?

प्रयोगशाळेतील आधुनिक यंत्रे एका किलोतील एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग इतका घटकही मोजू शकतात. मात्र त्यांना पोते किंवा पेटी देता येत नाही. तपासणीसाठी प्रत्यक्ष घेतला जातो तो जेमतेम १० ते ५० ग्रॅमचा भाग. त्यातून घटक द्रावणात उतरवला जातो आणि त्या द्रावणाचे काही थेंब यंत्रात जातात.

म्हणजे १५ टनांच्या खेपेचा न्याय चमचा-दोन चमचे मालावर होतो. तो चमचा साऱ्या खेपेसारखा असेल तरच निकालाला अर्थ. दूध, तेल किंवा मध नीट ढवळला की हा प्रश्न बराचसा सुटतो. धान्य, शेंगदाणे, मिरची, फळे, पशुखाद्य यांत तो सुटत नाही. कारण दोष साऱ्या मालात सारखा पसरलेला नसतो. एखाद्या दाण्यात, एखाद्या मिरचीत किंवा घडातील काही मण्यांतच तो साठलेला असतो.

एका दाण्याचे गणित काय सांगते?

बुरशीमुळे तयार होणारे ‘अफ्लाटॉक्सिन’ हे याचे ठळक उदाहरण. शेंगदाण्याच्या ढिगात बहुतेक दाणे पूर्ण निर्दोष असतात. हजारात एखादा दाणा बाधित असतो, पण त्या एका दाण्यात विषाचे प्रमाण किलोमागे १० लाख मायक्रोग्रॅमपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत.

समजा, एका दाण्याचे वजन अर्धा ग्रॅम आहे. मग १० किलोच्या नमुन्यात सुमारे २० हजार दाणे झाले. त्यांतला एकच दाणा इतका बाधित असेल, तर त्यात ५०० मायक्रोग्रॅम विष असेल. ते १० किलोंत विभागले की सरासरी येते किलोला ५० मायक्रोग्रॅम. भारतात पुढील प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे २० हजारांतील एका दाण्याने सगळा नमुना मर्यादेच्या तिपटीहून वर नेला.

आता न दळताच त्यातून २५ ग्रॅम, म्हणजे ५० दाणे उचलले तर? तो बाधित दाणा हाती लागण्याची शक्यता ४०० मध्ये एक. म्हणजे ४०० पैकी ३९९ वेळा अहवाल येईल ‘आढळले नाही’. उरलेल्या एका वेळी येईल किलोला तब्बल २० हजार मायक्रोग्रॅम. खरे उत्तर ५० आहे आणि ते एकदाही येणार नाही. यंत्र कितीही अचूक असले, तरी त्याच्या पुढ्यात आलेले ५० दाणेच ढिगासारखे नाहीत.

मग नुसते भरडले तर चालेल का?

नाही. प्रत्येक दाण्याचे आठ तुकडे केले, तर २५ ग्रॅममध्ये बाधित दाण्याचा एखादा तरी तुकडा येण्याची शक्यता सुमारे दोन टक्के होते. म्हणजे शंभरपैकी ९८ वेळा अहवाल अजूनही ‘निर्दोष’ येईल.

मात्र दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या कणांपर्यंत दळला, तर त्याचे सुमारे चार हजार कण होतात. सारा नमुना नीट मिसळल्यावर २५ ग्रॅममध्ये त्यांतले सरासरी दहा कण येतात. योगायोगाने कधी सात येतील, कधी तेरा. त्यामुळे तीनपैकी दोन वेळा निकाल साधारण ३४ ते ६६ मायक्रोग्रॅमच्या दरम्यान पडेल. हेच दळण पाव मिलिमीटरपर्यंत बारीक केले, तर २५ ग्रॅममध्ये सुमारे ८० कण येतात आणि निकालाचा झोका ४४ ते ५६ इतका आवळतो.

कणाचा आकार निम्मा झाला की कणांची संख्या आठपट होते. नमुना काढण्याच्या शास्त्राचा पाया घालणारे फ्रेंच अभियंते पिएर गी यांनी खनिजांच्या संदर्भात हेच सूत्ररूपात मांडले होते. त्याचा ढोबळ अर्थ असा, की तेवढ्याच खात्रीसाठी लागणारे वजन कणाच्या आकाराच्या घनानुसार बदलते. कण निम्मा करा, एक अष्टमांश वजन पुरते. सोन्याच्या खाणीतील खडक आणि शेंगदाण्याचे पोते या बाबतीत सारखेच आहेत. दोन्हींत मौल्यवान किंवा घातक घटक मोजक्या कणांतच असतो.

अफ्लाटॉक्सिनची इतकी धास्ती का?

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात आजाराने मेले. शोध घेतला तेव्हा धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीपर्यंत पोहोचला. त्या पेंडीत ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीचे विष सापडले आणि बुरशीच्याच नावावरून त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. भारतात १९७४ मध्ये गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृताच्या आजाराची साथ पसरली. तीत शंभरहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे.

हे विष पेंडीतून जनावराच्या पोटात आणि तिथून रूप बदलून दुधात उतरते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत दुधातील अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त निघाले. दूध ढवळले की एकजीव होते, म्हणून तिथे मोजणी तुलनेने विश्वासार्ह असते. ज्या पेंडीतून ते आले, तिची तपासणी मात्र दळणावर अडते.

नाइफ मिल म्हणजे काय?

रचना घरच्या मिक्सरसारखीच असते. भांड्याच्या तळाशी उभ्या दांड्यावर दोन किंवा चार पाती आडवी बसवलेली असतात. मोटर ती वेगाने फिरवते आणि माल कापला जातो. पाणी, तेल किंवा तंतू असलेल्या पदार्थांसाठी ही पद्धत सोयीची. फळे, भाज्या, मांस, चीज, तेलबिया, बिस्किटे, चॉकलेट असा माल ज्या जात्यात किंवा चाळणीच्या चक्कीत चिकटून बसेल, तो इथे पात्याखाली निमूट कापला जातो.

लहान मिलचे भांडे अर्ध्या-पाऊण लिटरचे असते आणि पाती मिनिटाला दहा हजार फेऱ्यांपर्यंत फिरतात. मोठ्या भांड्याच्या मिलमध्ये चार-पाच लिटर माल बसतो, तिचा वेग कमी पण ताकद जास्त असते. बहुतेक कामे काही सेकंद ते मिनिटभरात उरकतात.

अनेक मिलमध्ये पात्याची एक कड धारदार, तर दुसरी बोथट असते. मोटर उलटी फिरवली की बोथट कड कठीण तुकड्यांवर आदळून ते फोडते. मग दिशा बदलून धारदार कडेने बारीक काप केले जातात. भांड्याचे झाकणही साधे नसते. माल कमी होईल तसे खाली सरकणारे झाकण मालाला पात्याकडे ढकलत राहते. टोमॅटोसारख्या रसदार फळांसाठीच्या झाकणात खाचा असतात. दाबाने रस वर येतो, त्या खाचांतून पुन्हा खाली जातो आणि गरात मिसळतो.

प्रत्येक गोष्टीसाठी ही मिल योग्य नाही. सुकलेले हळकुंड, हाडे, खडे, कठीण कडधान्ये यांवर पाती बोथट होतात. त्यांसाठी आधी वेगळ्या यंत्रात भरड काढावी लागते. कडब्यासारख्या वाळलेल्या तंतुमय चाऱ्यासाठी चाळणी असलेल्या कापणाऱ्या चक्क्या वापरतात. ठिसूळ पदार्थ अगदी पिठासारखा हवा असेल, तर गोळ्यांची चक्की उपयोगी पडते.

घरचा मिक्सर का चालत नाही?

काही साध्या तपासण्यांसाठी तो चालतोही आणि छोट्या प्रयोगशाळांत वापरलाही जातो. अडचण येते ती पुन्हा पुन्हा तेच दळण मिळवण्यात. मिक्सरचा वेग भांड्यातील मालाच्या वजनानुसार बदलतो. किती सेकंद फिरवला, मध्ये कितीदा थांबवला, चमच्याने कडेचा माल खाली ढकलला की नाही, हे सारे चालवणाऱ्याच्या हातावर असते. पात्याखाली आणि भांड्याच्या कडेला न दळलेला माल साचून राहतो. प्रयोगशाळेच्या मिलमध्ये वेग, वेळ आणि थांबे आधीच ठरवून साठवता येतात. सोमवारी एकाने व गुरुवारी दुसऱ्याने दळलेला नमुना सारखाच निघावा, हा त्यामागचा हेतू.

दुसरा मुद्दा क्षमतेचा. शेंगदाण्याचा १० किलोचा नमुना मिक्सरच्या भांड्यात एकदम मावत नाही. थोडा थोडा दळायचा, तर सगळे दळण पुन्हा एकत्र करून मिसळावे लागते. इथे घाई झाली आणि ‘वरचा किलोभर दळून काम भागवले’, तर आधीच्या गणितातील तो एक दाणा उरलेल्या नऊ किलोंतच राहण्याची शक्यता जास्त.

तिसरा मुद्दा स्वच्छतेचा. घरच्या भांड्यात रबरी कडी, स्क्रू, फटी असतात. प्रयोगशाळेतील भांडे आणि पाती सुटी होतात, द्रावकाने धुता येतात. काही भांडी उच्च दाबाच्या वाफेने निर्जंतुकही करता येतात.

दाण्याचे कूट की दाण्याचे लोणी?

दाण्याचे कूट करताना मिक्सर सलग फिरवला, तर कूट ओलसर होऊन भांड्याला चिकटते आणि शेवटी त्याचे लोणी होते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून बटण थोडे थोडे फिरवून थांबावे लागते. प्रयोगशाळेचा प्रश्नही तोच आहे. पात्याच्या घर्षणाने माल तापतो, तेल सुटते, कण एकमेकांना चिकटतात आणि पुढचे दळण थांबते. बाहेर बारीक दिसणाऱ्या लगद्याच्या आत जाड कण तसेच राहतात.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, थांबून थांबून दळणे. दुसरा, नमुना आधी गोठवणे, म्हणजे तेल घट्ट राहते आणि दाणा ठिसूळ होतो. तिसरा, मालात मोजून पाणी घालून वेगवान घुसळणीने त्याची सरबरीत पेस्ट करणे. पेस्टमध्ये कण अधिक बारीक होतात आणि सारखे पसरतात. मोठे नमुने हाताळणाऱ्या प्रयोगशाळा अफ्लाटॉक्सिनसाठी हा मार्ग घेतात. मात्र किती पाणी घातले याची नोंद चुकली, तर शेवटचे गणितच चुकते.

उष्णतेचा दुसरा तोटा ओलाव्याचा. दळताना पाणी उडून गेले, तर उरलेल्या मालातील प्रत्येक घटकाचे प्रमाण किंचित वाढलेले दिसते. म्हणून पाण्याचा अंश तपासायचा असेल, तेव्हा झाकण घट्ट बंद ठेवून आणि कमीत कमी वेळ दळून काम करावे लागते.

द्राक्षांच्या बाबतीत काय होते?

महाराष्ट्राचा या विषयाशी थेट संबंध येतो तो द्राक्षांमुळे. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडल्यानंतर निर्यातीसाठी उर्वरित अंश तपासणीची योजना सुरू झाली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा या योजनेची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. २०१० मध्ये वाढरोधक म्हणून वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे अनेक कंटेनर युरोपात अडकले आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. तेव्हापासून ‘रिपोर्ट’ हा शब्द नाशिक-सांगलीच्या बागांत पाऊसपाण्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

द्राक्षात अडचण वेगळी आहे. फवारणी घडाच्या बाहेरच्या मण्यांवर जास्त आणि आतल्या मण्यांवर कमी पडते. मण्यातही औषधाचा बराच अंश सालीवर असतो, रसात कमी. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेनुसार नमुना किमान पाच घडांचा आणि दोन किलोंचा असावा लागतो. पुढे तपासणीसाठी मात्र त्यातले १० ग्रॅमच घेतले जातात, म्हणजे दोनशेवा भाग. नुसते फिरवून रस काढला, तर साल एकीकडे आणि रस दुसरीकडे राहतो. पळीत साल जास्त आली तर निकाल वर जातो, रस जास्त आला तर खाली. मर्यादेच्या काठावरच्या बागेचे ‘पास’ की ‘नापास’ हे मग पळीच ठरवते.

म्हणून अनेक प्रयोगशाळा फळे ‘ड्राय आइस’सोबत, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडसोबत दळतात. त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सिअस असते. फळ दगडासारखे कडक होते आणि पात्याखाली त्याचा बर्फासारखा भुगा होतो. साल, गर, बी सारे एकाच आकाराच्या कणांत मिसळते. थंडीमुळे उडून जाणारी किंवा रसातील घटकांशी लगेच विघटित होणारी कीडनाशकेही बऱ्याच अंशी टिकतात. कॅप्टान आणि क्लोरोथॅलोनिल ही बुरशीनाशके अशा नाजूक गटात मोडतात.

यात धोकाही असतो. ड्राय आइसचा वायू होताना प्रचंड प्रसरण होते. झाकणाला वायू बाहेर पडायला वाट नसेल तर भांडे फुटू शकते आणि बंद खोलीत हा वायू साठला तर गुदमरायला होते. दळल्यानंतर भुगा सैल झाकणाने शीतपेटीत ठेवून वायू निघून जाऊ द्यावा लागतो. तो निघायच्या आधी वजन केले, तर ड्राय आइसही वजनात धरला जातो आणि अंश प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

दळल्याने निकाल बिघडतो असेही होते का?

होते. मँकोझेब हे द्राक्ष, टोमॅटो, बटाट्यावर सर्रास वापरले जाणारे बुरशीनाशक याचे उदाहरण. ते ज्या गटात येते, त्या डायथायोकार्बामेट गटातील रसायने आम्लधर्मी रसाचा स्पर्श होताच विघटित होऊ लागतात. फळ बारीक वाटले की तपासणीआधीच अंश घटतो आणि फळ प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ दिसते. म्हणून या तपासणीसाठी फळे वाटायची नसतात. प्रत्येक फळाच्या मोठ्या फोडी किंवा घडाचे तुकडे घेऊन ते तडक प्रक्रियेत टाकावे लागतात. त्यामुळे नमुना तितकासा एकजीव राहत नाही, पण ही तडजोड करावीच लागते. एकाच पेटीतील द्राक्षांचा एक भाग ड्राय आइससोबत दळायचा आणि दुसरा न दळता वेगळा ठेवायचा, हे नमुना आल्याबरोबर ठरवावे लागते.

पातेच नमुना बिघडवते तेव्हा...

स्टेनलेस स्टीलच्या पात्यात लोखंड, क्रोमियम आणि निकेल असते. कठीण माल दळताना पाते झिजते आणि त्याचे सूक्ष्म कण नमुन्यात उतरतात. कीडनाशक तपासताना याने काही बिघडत नाही. मात्र जड धातू तपासायचे असतील, तर मालात नसलेले क्रोमियम अहवालात येऊ शकते. हळदीला पिवळेपणा आणण्यासाठी शिशाचे क्रोमेट मिसळण्याची भेसळ जगभर चिंतेचा विषय आहे. ती शोधताना शिशासोबत क्रोमियमही पाहिले जाते. तिथे पात्यातून आलेले क्रोमियम दिशाभूल करू शकते. त्यामुळे धातूंच्या तपासणीसाठी टायटॅनियमची पाती आणि प्लास्टिक किंवा काचेची भांडी वापरतात.

आधीच्या नमुन्याचा उरलेला अंश ही दुसरी डोकेदुखी. अत्यंत बाधित शेंगदाणे दळल्यावर भांडे नीट धुतले नाही, तर पुढच्या निर्दोष नमुन्यात विष दिसते. एखाद्या निर्यातदाराची खेप त्यामुळे विनाकारण अडकू शकते. काळजी घेणारी प्रयोगशाळा दोन नमुन्यांमध्ये भांडे व पाती धुते, ठरावीक काळाने खात्रीचा स्वच्छ माल त्याच मिलमध्ये दळून तपासते आणि त्याची नोंद ठेवते. ‘ग्लुटेनमुक्त’ ओट्स तपासताना हा मुद्दा आणखी नाजूक होतो. तिथे मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे आणि आधी दळलेल्या गव्हाचे चिमूटभर पीठही निकाल फिरवू शकते.

दळण पुरेसे झाले हे कळते कसे?

डोळ्यांनी पाहून ते ठरत नाही. कोरड्या मालासाठी ठरावीक छिद्रांच्या चाळणीतून किती टक्के माल खाली पडतो हे पाहतात. ओल्या मालासाठी एकाच दळलेल्या नमुन्याच्या वेगवेगळ्या जागांतून सात-दहा भाग घेऊन प्रत्येक स्वतंत्रपणे तपासला जातो. उत्तरे एकमेकांच्या जवळ आली तर दळण एकजीव झाले. विखुरली तर वेळ, वेग किंवा तापमान बदलून पुन्हा प्रयत्न करायचा. ही कसोटी प्रत्येक प्रकारच्या मालासाठी वेगळी घ्यावी लागते. टोमॅटोला जुळलेली पद्धत काजूला जुळत नाही.

मात्र दळण कितीही उत्तम झाले, तरी ते नमुना काढण्यातील चूक भरून काढू शकत नाही. थप्पीच्या वरच्या दोनच पोत्यांतून मूठभर दाणे आणले, तर ते पिठासारखे दळूनही उत्तर त्या मुठीपुरतेच मिळेल. म्हणून युरोपीय संघाच्या नियमांत शेंगदाण्याच्या मोठ्या खेपेतून शंभर ठिकाणचे छोटे छोटे भाग गोळा करून २० किलोंचा एकत्रित नमुना करायला सांगितले आहे. प्रयोगशाळेत आलेला सगळा नमुना बारीक दळून पूर्ण एकजीव करावा, असेही त्यात स्पष्ट आहे. तिथे थेट खाण्यासाठीच्या शेंगदाण्याला एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला अवघे चार मायक्रोग्रॅम आहे. इतक्या खालच्या पातळीवर काही मोजक्या दाण्यांनी निकाल इकडचा तिकडे होतो.

कायद्यात काय तरतूद आहे?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अन्न सुरक्षा अधिकारी घेतलेल्या नमुन्याचे साधारणपणे चार भाग करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि व्यावसायिकाने मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला पाठवला जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो मान्य नसल्यास अपील करता येते आणि मग राखून ठेवलेला भाग संदर्भ प्रयोगशाळेकडे जाऊ शकतो.

तेल किंवा दुधाचे चार भाग सारखे असतात. अख्खे शेंगदाणे, अख्ख्या मिरच्या किंवा मका यांचे चार भाग केले, तर बाधित दाणा त्यातल्या एकाच भागात असू शकतो. मग चार प्रामाणिक प्रयोगशाळा चार वेगळी उत्तरे देतील आणि प्रत्येकीचे उत्तर तिच्या पाकिटापुरते खरे असेल. अशा वादात ‘कोणती प्रयोगशाळा खोटी’ याचा शोध घेऊन हाती काही लागत नाही. भाग करण्याआधी माल दळून एकजीव केला होता का, हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

प्रयोगशाळांच्या मान्यतेसाठीचे २०१७ चे आंतरराष्ट्रीय मानक, ज्यानुसार भारतात ‘एनएबीएल’ मान्यता देते, निकालातील अनिश्चितता मोजताना नमुना काढण्यातून येणारा वाटाही लक्षात घ्यायला सांगते. मात्र नमुना ग्राहकाने स्वतः आणून दिला असेल, तर अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘निकाल मिळालेल्या नमुन्यापुरता मर्यादित’ असे वाक्य असते. ते वाक्य वाचायचे राहून जाते आणि अहवाल साऱ्या खेपेचा समजला जातो.

शेतकरी, व्यापारी आणि ग्राहकाने काय पाहावे?

अहवालातील आकड्याआधी काही गोष्टी विचारण्याचा हक्क पैसे भरणाऱ्याला असतो. नमुना कोणी काढला आणि किती ठिकाणांहून? प्रयोगशाळेत किती किलो माल पोहोचला आणि त्यातला सगळा दळला की थोडाच? दळताना तापमान सांभाळले का? प्रत्यक्ष तपासणीला किती ग्रॅम घेतले? अहवालात ‘अधिक-उणे’ चिन्हासह अनिश्चितता दिली आहे का? यांची उत्तरे लेखी मिळाली, तर दोन अहवालांतील तफावतीचे कारण बहुतेकदा तिथेच सापडते.

बागायतदारासाठी सूचना सोपी आहे. नमुना म्हणून निवडून चांगले घड दिले, तर देशातील प्रयोगशाळेत माल ‘पास’ होईल. पण परदेशी बंदरावर तपासणारा अधिकारी ते घड शोधत बसणार नाही. शेंगदाणा व्यापाऱ्यासाठी निवड महत्त्वाची. काळपट, सुरकुतलेले, फुटके दाणे आधीच वेगळे काढले, तर बाधित दाण्यांचा मोठा भाग त्यांच्यासोबतच निघून जातो. घरी मात्र बुरशीचा वास असलेले किंवा कडवट लागणारे दाणे भाजून अथवा कूट करून वापरू नयेत. भाजण्याच्या उष्णतेने अफ्लाटॉक्सिन पूर्णपणे नष्ट होत नाही आणि कूट केले की तो एक दाणा सगळ्या डब्यात सारखा पसरतो. प्रयोगशाळेला हवे असते नेमके तेच, स्वयंपाकघराला नको असते.